धुराला भाव लावणं हे पाप आहे का?

वाचकाचं पत्र

ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. आमच्याकडे आता कार्बन क्रेडिटचं काम पाहायला वेगळा विभाग होतोय आणि साहेबांनी मला तिकडे जायला सांगितलंय. पगार वाढेल, काम नवं आहे, मला मनापासून आवडेल असं आहे. माझा धाकटा भाऊ नागपुरात पर्यावरणाच्या चळवळीत आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आता तू धूर सोडायचे परवाने विकणार!" त्याचं म्हणणं, बाजारानेच पृथ्वीची ही गत केली, तोच बाजार औषध कसा होईल? सरकारने सरळ मर्यादा घालावी, मोडली तर टाळं ठोकावं. आमचं घर कारखान्यापासून फार लांब नाही आणि आईला दमा आहे, त्यामुळे त्याचा राग मला कळतो. दिवाळीपासून आम्ही नीट बोललेलो नाही. हे काम मुळातच खोटं आहे का? मी जाऊ की नको?

— एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर

अगं, आधी उत्तर सांगते, मग कारणं. जा. पण काही गोष्टी मनाशी पक्क्या करून जा. भाऊ जे बोलतोय त्यातलं अर्धं सोबत ने, कारण ते खरं आहे आणि तुझ्या नव्या टेबलावर त्याचीच गरज सर्वात जास्त लागणार आहे.

तुला ठाऊक आहे ते बाकीच्या वाचकांसाठी सांगते. कार्बन क्रेडिट म्हणजे ठरलेल्या लक्ष्यापेक्षा एक टन कार्बन जास्त कमी केल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड वर निघून जातो. हा वायू कोळशाचा नाही, दगडाच्या पोटातला आहे. उद्या अख्खी भट्टी सौरऊर्जेवर तापवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचा आहे, उरलेला प्रामुख्याने चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत भट्टी तापवायला लागणाऱ्या इंधनाचा. म्हणून सिमेंटच्या बाबतीत "बंद करा" म्हणणं सोपं असलं तरी त्यातून घरकुलं, पूल आणि धरणं यांचं काय करायचं याचं उत्तर मिळत नाही. प्रश्न कमी कसं करायचं हा आहे, आणि कोणी, किती, किती खर्चात.

आणि इथे कारखान्या-कारखान्यात फार फरक पडतो. तुमच्या भागातल्या कारखान्यांना चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची राख जवळ मिळते, म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे खडे, कमी करून राख वाढवणं त्यांना स्वस्त पडतं. जिथे जवळ वीजकेंद्र नाही तिथे तीच राख आणण्याचं भाडंच परवडत नाही. कुणाजवळ पोलाद कारखान्याची धातुमळी (स्लॅग) आहे. कुणाकडे जुनी भट्टी आहे, तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करता येईल. कुणाला भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून होणारं नवं सिमेंट जमेल, ज्याचं भारतीय मानक 2023 मध्ये आलं. समजा एका कारखान्याला एक टन कार्बन कमी करायला पाचशे रुपये लागतात आणि दुसऱ्याला तीन हजार. दोघांवर सरसकट सारखाच हुकूम काढला तर तेवढ्याच कामाला देशाचा पैसा कितीतरी जास्त जाईल. त्याऐवजी पहिल्याने जास्त कमी करावं आणि त्याचे पैसे दुसऱ्याकडून घ्यावेत, एवढाच या व्यवस्थेमागचा हिशेब आहे. कोणता टन कुठे स्वस्तात वाचतो हे मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याला कळत नाही, ते तुला कळतं. भाव लागला की तुझ्यासारख्या माणसाचं ते ज्ञान कामाला लागतं. माझ्या मते बाजाराच्या बाजूने बोलण्यासारखी ही सर्वात मोठी गोष्ट आहे.

आता भावाचं वाक्य. "धूर सोडायचे परवाने विकणार." हा आक्षेप जुना आहे आणि उथळ नाही. काही गोष्टी पैशाने मोजल्या की त्यांच्यातली लाज निघून जाते, हे कुणालाही पटेल. दंड भरणाऱ्याला आपण चुकलो असं वाटतं, फी भरणाऱ्याला वाटत नाही. पण त्याला एक विचार: आजवर तुमच्या भट्टीतून गेलेल्या कार्बनचे कारखान्याने वातावरणाला किती पैसे दिले? काहीच नाही. परवाना तर आधीपासूनच होता, तो फुकट होता, अमर्याद होता आणि कुणाच्या नावावर लिहिलेलाही नव्हता. त्यावर आकडा घालणं, तो मोजणं आणि दरवर्षी कमी करणं याला पाप म्हणायचं असेल, तर आकडा नसलेल्या फुकट परवान्याला काय म्हणायचं? त्याने आपला राग किमतीवर काढण्याऐवजी आकड्यावर काढायला हवा. कारण खरी फसवणूक होते ती आकड्यात.

तुमच्या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्या पाण्याचं उदाहरण घे. तलावात पाणी किती हे ठरलेलं असेल तर दोन शेतकऱ्यांनी आपसात पाळी बदलली, एकाने दुसऱ्याला मोबदला दिला, तरी तलाव रिकामा होत नाही. पण पाटच उघडा सोडला आणि वर पाळ्यांची खरेदी-विक्री सुरू केली, तर तो नुसता कागदी व्यवहार झाला. युरोपने हा धडा फार महाग शिकला. तिथला कार्बन बाजार 2005 मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि 2007 मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत वीजकंपन्यांनी ग्राहकांच्या बिलात लावली आणि नफा कमावला. 2008 च्या मंदीनंतर बांधकामं थंडावली तेव्हा सिमेंटवाल्यांच्या हातात जास्तीचे परवाने उरले, तेही विकून पैसा झाला. तुझ्याच धंद्याची गोष्ट आहे ही, म्हणून मुद्दाम सांगते: कार्बन फारसा कमी न करता कार्बनमधून कमाई करणारे कारखाने युरोपात होते. तुझ्या भावाने हे वाचलं असेल तर तो बरोबर संतापला आहे.

पण तिथली गोष्ट तिथेच थांबली नाही. मर्यादा दरवर्षी आकसायला लागली, वीजकंपन्यांना परवाने लिलावात घ्यावे लागले, 2019 पासून जास्तीचे परवाने बाजारातून काढून ठेवायची सोय झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये एका टनाचा भाव शंभर युरोच्या पुढे गेला. या व्यवस्थेखालच्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन 2023 मध्ये 2005 पेक्षा सुमारे 47 टक्के कमी होतं. ते सगळं बाजाराने केलं असं मी म्हणणार नाही, पवनचक्क्यांना दिलेली मदत आणि स्वस्त झालेले सौर पॅनेल यांचाही त्यात मोठा हात आहे. पण ज्या वर्षी भाव चढला त्या वर्षी कोळशाची वीज महाग पडली, हे तिथल्या प्रत्येक वीजकेंद्राच्या व्यवस्थापकाला दिसलं. बाजार तोच होता, मर्यादा बदलली होती.

मग आपल्याकडचं काय? 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्या 282 कारखान्यांसाठी लक्ष्यं आली. त्यात 186 सिमेंटचे आहेत. बाकी ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली. 2023-24 हे पायाभूत वर्ष, म्हणजे तुलना ज्याच्याशी करायची ते, 2025-26 आणि 2026-27 ही पाळायची वर्षं. लक्ष्य गाठून पुढे गेलात तर दर टनामागे एक क्रेडिट मिळेल, मागे पडलात तर विकत घ्यावं लागेल, तेही नाही केलं तर त्या वर्षातल्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई.

इथे मला दोन गोष्टी मनापासून खटकतात, आणि तू त्या माहीत असूनच त्या खुर्चीत बसावंस असं मला वाटतं. पहिली, ही एकूण धुरावरची मर्यादा नाही. दर टन उत्पादनामागे किती कार्बन, एवढंच लक्ष्य आहे. प्रत्येक टन सिमेंट थोडं स्वच्छ झालं आणि उत्पादन दीडपट झालं, तर लक्ष्य पाळूनही एकूण धूर वाढलेला असेल. वाढत्या देशाने असं का केलं ते मला समजतं. माणशी उत्सर्जन पाहिलं तर आपण अमेरिकेच्या जवळपासही नाही, आणि ज्याच्या डोक्यावर पक्कं छत नाही त्याला सिमेंट नाकारण्याचा हक्क मला तरी नाही. सुरुवातीला दर टनामागचं लक्ष्य चालेल. पण एकूण मर्यादा कोणत्या वर्षी येणार हे आजच जाहीर झालं पाहिजे. भट्टी उभी करणारा पुढची तीस-चाळीस वर्षं डोळ्यासमोर ठेवूनच पैसा घालतो, त्याला ते वर्ष आज कळायला हवं.

दुसरी गोष्ट, भरपाई क्रेडिटच्या भावाला बांधली आहे. भाव पडला तर भरपाईही पडेल. लक्ष्यं सैल असली की भाव पडतोच, हे आपण याच देशात पाहिलं आहे. 2012 मध्ये ऊर्जा बचतीची 'पॅट' योजना सुरू झाली. तुझ्या कारखान्यातल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. पहिल्या फेरीत सुमारे 66.9 लाख टन तेलाइतक्या ऊर्जेची बचत करायची होती, झाली 86.7 लाख टन. छान दिसतं, पण त्याचा अर्थ लक्ष्य हलकं होतं असाही होतो. जास्त बचत करणाऱ्यांकडून विकायला सुमारे 38 लाख प्रमाणपत्रं आली, विकत घेण्याची सक्ती होती ती सुमारे 14 लाखांची. 2017 मध्ये सौदे 1200 रुपयांनी उघडले आणि पुढे भाव घसरत गेला. नव्या योजनेत तेच होऊ नये यासाठी भावाला खालची मर्यादा हवी आणि ती राखायला कुणीतरी खंबीर हवं.

"बाजार चालतो, पण आपल्याकडे नाही" असं भाऊ म्हणेल, तर त्याला सुरतचं सांग. खानदेशातली कितीतरी माणसं तिथल्या कापड गिरण्यांत आहेत, त्यामुळे ते शहर आपल्याला परकं नाही. 2019 मध्ये तिथे चिमणीतून निघणाऱ्या धुळीसाठी परवान्यांचा बाजार सुरू झाला. या प्रकारच्या प्रदूषणासाठी जगातला तो पहिला मानला जातो. आधी चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली, मग एकूण धुळीवर मर्यादा घातली, मग व्यापार. काही गिरण्या या बाजारात घेतल्या आणि काही जुन्याच नियमांखाली ठेवल्या, म्हणून तुलना प्रामाणिक झाली. बाजारातल्या गिरण्यांची धूळ 20 ते 30 टक्के कमी झाली आणि स्वच्छतेचा खर्चही उतरला. गंमत अशी की जुन्या पद्धतीत तुझ्या भावाला हवी ती सगळी हत्यारं होती: मर्यादा, खटला, टाळं. पण मोडणाऱ्यांवर इतकी कडक शिक्षा करायला कुणी धजावत नसे, म्हणून नियम कागदावर राही. मोजमाप रोजचं आणि शिक्षा परवडेल अशी झाली, तेव्हा ती प्रत्यक्षात होऊ लागली. कडक कायदा आणि कडक अंमल यांतला फरक तुझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता तो जिथे पूर्ण बरोबर आहे तिथे येते. बाहेरून आणलेली क्रेडिट्स. म्हणजे आपली भट्टी तशीच ठेवायची आणि कुठेतरी झाडं लावली, चुली वाटल्या, त्यातून वाचलेला कार्बन विकत घेऊन आपला धूर वजा दाखवायचा. हवामानबदलावरच्या क्योटो करारानंतर असा मोठा बाजार झाला होता. त्यात भारत आणि चीनमधले काही शीतकवायूचे कारखाने होते. त्यांच्या प्रक्रियेत एचएफसी-23 नावाचा वायू आपोआप तयार होतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी तापवणारा. तो जाळून टाकला की त्या पटीत क्रेडिट मिळत. जाळायला खर्च थोडा, क्रेडिटचे पैसे भरमसाट. मग व्हायचं तेच झालं: जाळण्यासाठीच जास्त वायू तयार करणं फायद्याचं ठरू लागलं. शेवटी युरोपने 2013 पासून ती क्रेडिट्स घ्यायचं बंद केलं. झाडांच्या प्रकल्पांत दुसरा घोळ असतो. ती झाडं कोणी पैसे दिले नसते तरी उभी राहिलीच असती का, आणि वणव्यात गेली तर विकलेल्या टनाचं काय, याचं उत्तर कुणाजवळ पक्कं नसतं. दगडातून निघालेला कार्बन मात्र शतकानुशतकं वर राहतो. माझं मत स्पष्ट आहे: कारखान्याचं लक्ष्य कारखान्याने किंवा दुसऱ्या कारखान्याने प्रत्यक्ष कमी करूनच पुरं व्हावं. शेतकऱ्याला झाडांसाठी, मातीसाठी पैसा मिळालाच पाहिजे, पण तो कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून नको. तुझ्या विभागात असली स्वस्त क्रेडिट्स घ्यायचा विषय आला, कारखान्याच्या जाहिरातीसाठी का होईना, तर तू विरोध नोंदव, लेखी नोंदव.

आणि आई. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मला सर्वात जास्त लागलं. कार्बन डायऑक्साइड तुमच्या जिल्ह्यातल्या गडचांदूरहून सुटला काय किंवा जर्मनीतून, हवेत मिसळून सगळीकडे सारखाच होतो, म्हणून त्याचा व्यापार चालतो. धूळ तशी नाही. धूळ तुमच्या अंगणात पडते. चंद्रपूर 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत पहिल्या पाचांत होतं, आणि ते कार्बनमुळे नव्हे, तर स्थानिक हवा, पाणी आणि जमीन यांच्यामुळे. कॅलिफोर्नियात हाच वाद झाला. तिथे 2013 मध्ये कार्बन बाजार सुरू झाला तेव्हा रिफायनऱ्यांच्या शेजारी राहणारे गरीब, काळे, लॅटिनो लोक म्हणाले की कंपनी परवाना विकत घेईल आणि आमच्या डोक्यावरची चिमणी तशीच चालू राहील. एका अभ्यासात त्यांचं म्हणणं सुरुवातीच्या वर्षांत खरं दिसलं, नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात दरी कमी होताना दिसली. अभ्यासकांचं एकमत नसलं तरी तिथल्या विधिमंडळाला 2017 मध्ये स्थानिक हवेसाठी वेगळा कायदा करावा लागला. मला यातून एकच घ्यावंसं वाटतं: कार्बनचा हिशेब नीट झाला म्हणून धुळीचा हिशेब माफ होत नाही. धूळ गाळणारे बॅग फिल्टर, उघड्यावर पडलेली राख, ताडपत्री न लावता धावणारे ट्रक, रात्री धूळ पकडणारी यंत्रं बंद ठेवण्याची सवय, हे सगळं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राखाली येतं आणि तिथे कुणालाही काहीही विकत घेऊन सुटका मिळता कामा नये. तुझ्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात पुढच्या वर्षी कार्बनचं रंगीत पान येईल. त्याच्या शेजारी धुळीचे आकडे आहेत का ते तू बघ.

भाऊ म्हणेल, बाजार नको, कर लावा. त्यालाही माझा नकार नाही. करात भाव पक्का असतो आणि धूर किती कमी होईल हे अंदाजाने, बाजारात धुराची मर्यादा पक्की आणि भाव अंदाजाने. स्वीडनने 1991 पासून कार्बनवर कर लावला आहे आणि तो जगातल्या सर्वात जड करांपैकी आहे, तरी तो देश दरिद्री झाला नाही. पण आपल्याकडे जे झालं त्याची आठवण ठेव. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसला, 2016 पर्यंत तो 400 झाला. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी असं सांगितलं होतं. 2017-18 पर्यंत 86 हजार कोटींहून जास्त गोळा झाले, स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यातले तीस हजार कोटींपेक्षा कमीच पोचले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना सोळा हजार कोटींच्या आसपास. 2017 मध्ये वस्तू-सेवा कर आला आणि उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळवला गेला. कोळसा खणला जातो त्या जिल्ह्यांतल्या लोकांना, म्हणजे तुमच्याच शेजाऱ्यांना, या पैशाचं काय मिळालं? चळवळीने रस्त्यावर यावं असा विषय हा आहे. कर असो की लिलाव, पैसा कुठे जातो हे लोकांना दिसत नसेल तर कुठलाच भाव टिकत नाही.

तुम्हा भावंडांच्या भांडणाशी अगदी मिळतीजुळती एक घटना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घडली. तिथे 2016 मध्ये कार्बन कराचा प्रस्ताव लोकांच्या मताला टाकला होता. जमलेला पैसा दुसरे कर कमी करून परत द्यायचा, अशी मांडणी. तेलकंपन्यांचा विरोध समजण्यासारखा होता, पण अनेक पर्यावरणवादी आणि कामगार संघटनांनीही साथ दिली नाही, कारण पैसा पीडित वस्त्यांवर खर्च व्हायला हवा होता. प्रस्ताव पडला. 2018 मध्ये त्या संघटनांनी आपल्या मनासारखा प्रस्ताव आणला, तोही पडला. अखेर 2021 मध्ये विधिमंडळाने मर्यादेचा बाजार आणि लिलावाच्या पैशाचा ठरलेला खर्च असा कायदा केला, तो 2023 पासून लागू झाला. 2024 मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव आला तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी रद्द करू नका म्हणून सांगितलं. लोकांना पैसा बसगाड्यांत आणि शाळांत लागताना दिसला होता. मधली पाच वर्षं मात्र एकाच बाजूच्या माणसांच्या वादात गेली.

आता तुझ्या कामाचं. या सगळ्या व्यवस्थेचा पाया मोजमाप आहे, आणि ते मोजमाप तू करणार आहेस, म्हणूनच मी जा म्हणते. तिथे दुसरं कुणी बसलं तर ते तुझ्याइतकं प्रामाणिक असेलच असं नाही. पहिला मोह पायाभूत वर्षाचा असेल: 2023-24 चा आकडा थोडा फुगवून दाखवला तर पुढे काही न करता प्रगती दिसते. तो आकडा तू स्वतः मुळापासून तपास. क्लिंकरचा साठा दर महिन्याला प्रत्यक्ष मोजला होता की अंदाजाने लिहिला होता, बेल्ट वेयरचं, म्हणजे पट्ट्यावरच्या वजनकाट्याचं, कॅलिब्रेशन कधी झालं, पेटकोकचा (तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या कोळशासारख्या इंधनाचा) उष्मांक प्रयोगशाळेतला की पुरवठादाराच्या कागदावरचा, हे बघ. दुसरा मोह बाहेरून क्लिंकर विकत आणून आपल्या दारातला कार्बन कमी दाखवण्याचा. नियमांत हे पकडण्याची सोय आहे, पण कागद भरणारी तू आहेस. साहेबांना रुजू होण्याआधीच सांग की पडताळणी करणाऱ्या संस्थेला तू मूळ नोंदी दाखवणार, सारांश नव्हे. त्यांनी होकार दिला तर ती बैठक ई-मेलमध्ये दोन ओळींत लिहून त्यांना पाठव.

भावाशी बोलताना वाद जिंकायला जाऊ नकोस. त्याला एक काम माग: कारखान्यांची लक्ष्यं राजपत्रात छापलेली असतात, ती वाचायला घे आणि कुठे सैल आहेत ते दोघांनी मिळून शोधा. तुला भट्टी कळते, त्याला मंत्रालयाला पत्र कसं लिहायचं आणि हरकत कशी नोंदवायची ते कळतं. नियमांचे मसुदे येतात तेव्हा लोकांच्या सूचनांसाठी मुदत दिलेली असते आणि त्या मुदतीत चंद्रपूरकडून किती पत्रं जातात, हे त्यालाच विचार. आईच्या दम्याला मात्र या वादात ओढू नका. तिच्यासाठी चांगला डॉक्टर आणि घराजवळच्या हवेची रोजची नोंद, ही दोन कामं उद्याच सुरू करता येतील.

आणि साहेबांनी ते ई-मेल लिहू नकोस असं सांगितलं, आकडे बदलायला सांगितले, तर ती जागा सोड. प्रोसेसमध्ये परत जा, नाहीतर दुसरीकडे बघ. तशी वेळ आली तर मला पुन्हा लिही, पुढचं आपण तेव्हा बघू.